मागच्या सीटवरची डबल बेल

आमच्या असोद्यात दीपमाला पाटीलला कुणी गाणं म्हणायला सांगितलं, तर तो माणूस गावात नवा आहे असं खुशाल समजावं. दिसत नाही म्हणजे गळा गोड असणार, अशी लोकांची एक पक्की समजूत असते. दीपमालाचा गळा सामान्य, खरं म्हणजे सामान्याहून थोडा खालीच. ती स्वतःच सांगते, "मी आरती म्हणायला लागले की वसतिगृहातल्या मुली प्रसाद न घेता पांगायच्या." देवानं तिला जे काही जास्तीचं दिलं, ते पायांत दिलं.

मी इथल्या शाळेत शिकवते; तिचं घर माझ्या घराला लागून. दोन वर्षांची असताना तापात तिची दृष्टी गेली. शाळेचं वय झालं तेव्हा तिला धुळ्याला, अंध मुलींच्या निवासी शाळेत घातलं. तिथं ती लिहायला-वाचायला शिकली आणि धावायलाही शिकली. डोळस जोडीदारणीच्या मनगटाला रुमालाचं एक टोक बांधायचं, दुसरं आपल्या मनगटाला, आणि सुटायचं. पुढं अंधांच्या राज्य स्पर्धांत तिनं पदकं मिळवली. तिच्या आईनं, लताबाईंनी, ती सगळी देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवली आहेत. पूजेच्या वेळी देवांना थोडं सरकून बसावं लागतं.

आता दीपमाला तिशीला आली. जळगावच्या एका बँकेत ती ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेते. संतापून फोन करणारा माणूस शेवटी तिलाच "ताई, तुम्हाला त्रास दिला" म्हणतो, हे मी तिच्याकडूनच ऐकलं आहे; पण तिचा स्वभाव बघता मला त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

जळगावात सायकल चालवणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट आहे. दर हिवाळ्यात ते एखाद्या चांगल्या कामासाठी लांबची फेरी काढतात. यंदाची फेरी जळगाव ते धुळे ठरली, आणि मदत जाणार होती ती दीपमालाच्याच जुन्या वसतिगृहाला. तिथल्या मुलींना धावायला जागा नाही. मागचं मैदान दगडगोट्यांचं आहे. ते सपाट करायचं आणि कडेनं कमरेइतक्या उंचीवर दोरी ताणायची, म्हणजे दोरीला हात लावून मुलींना एकट्यानं धावता येईल. कल्पना दीपमालाची. तिनं ती गटाचे चिटणीस योगेंद्र यांच्या गळी उतरवली. योगेंद्र यांचं औषधांचं दुकान आहे. माणूस नीटनेटका, मनानं चांगला, काळजी करण्यात जरा हुशार.

कल्पना मान्य झाल्यावर योगेंद्र म्हणाले, "तुम्ही आमच्या प्रमुख पाहुण्या. आमच्यापुढे एक जीप असेल, फलक लावलेली. तुम्ही तिच्यात बसा, हात हलवा."

"कुणाला हलवू?" दीपमालानं विचारलं.

योगेंद्र हातातल्या यादीवर काहीतरी खोडू लागले.

"धुळ्यात जीपमधून उतरले की वसतिगृहातले लोक मला हार घालतील, खुर्चीवर बसवतील," ती म्हणाली. "तिथल्या मुलींपुढे मी खुर्चीवर बसायला जाऊ? त्या म्हणतील, ताई मोठी झाली आणि धावायची थांबली. मी सायकलवर येते. दोघांची सायकल असते ना, पुढे एक, मागे एक."

तशी सायकल योगेंद्र यांनी खटपट करून पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणवली. लांबलचक, दोन सीटं, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. मागचं हँडल नुसतं धरायला. ते वळत नाही. पुढच्या आणि मागच्या पायडलांना एकाच साखळीनं जोडलेलं, त्यामुळे एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरतातच, इच्छा असो वा नसो. योगेंद्र यांनी एक अट मात्र घातली. पोलिसांना आणि धुळ्याच्या मंडळींना स्वारांची नावं सोमवारी कळवायची होती. रविवारी असोद्याहून शेजारच्या भादलीला जाऊन परत, अशी सरावाची फेरी करायची. ती धड झाली तर सायकल. नाही तर जीप, आणि मग वाद नाही.

पुढच्या सीटवर कोण बसणार, हे दीपमालानं आधीच ठरवून ठेवलं होतं. "निंबाआबा," ती म्हणाली.

निंबाआबा एसटीचे चालक. मूळचे अमळनेरकडचे, बायको असोद्याची, म्हणून इथं घर बांधून राहिले. इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातला अहिराणी 'शे', म्हणजे आपला 'आहे', काही गेला नाही, आणि सासुरवाडीनं त्यावरून चिडवणंही सोडलं नाही. अर्थात चिडवायला त्यांचं बोलणं कानी पडावं लागतं, आणि ते क्वचितच पडतं. घरून जळगावच्या आगारापर्यंत ते रोज सायकलनं जातात. तिथून पुढे बस.

योगेंद्र म्हणाले, "आमच्याकडे चांगले तरुण आहेत. हिमालयात सायकल चालवून आलेले."

"असतील," दीपमाला म्हणाली. "पण मी इतकी वर्षं निंबाआबांच्या गाडीनं बँकेत जाते. उभ्यानं जाते, आणि मला कधी दांडी धरावी लागलेली नाही."

योगेंद्र यांनी आबांचं नाव पेन्सिलीनं लिहून घेतलं.

रविवारी उजाडताच आम्ही मारुतीच्या देवळापुढं जमलो. थंडी चांगली पडली होती. शेतांतून वांगी भाजल्याचा वास येत होता. या दिवसांत आमच्याकडे भरिताशिवाय कुणाचा रविवार जात नाही. योगेंद्र चकचकीत घट्ट कपड्यांत, स्वतःच्या सायकलीवर आले होते. मी माझी स्कूटी काढली, मागं लताबाई बसल्या. त्यांच्या मांडीवर पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाण्यांचा डबा आणि हळदीची पुडी. हळद कशाला, असं मी विचारलं.

"पडली तर लावाले," लताबाई म्हणाल्या. "मले माहीत हाये माझी पोरगी."

निंबाआबा खाकी पँट आणि स्वेटर घालून आले. डोक्याला मफलर, मफलरीवर योगेंद्र यांनी दिलेलं हेल्मेट. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, दोन्ही चाकांना बुटाच्या टोकानं हलकेच ठोकलं आणि मान डोलावली. बसला रोज सकाळी ठोकतात तसंच.

दीपमाला मागच्या सीटवर बसली, एक पाय जमिनीला. निंबाआबांनी पुढचं हँडल धरलं आणि लहानपणापासून सायकलवर बसत आले तसे बसले. म्हणजे डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्यानं जमीन रेटत दोन ढांगा मारल्या आणि उजवी टांग मागून फिरवून टाकली. मागं आता कॅरिअर नव्हतं. मागं दीपमाला होती. आबांचा बूट तिच्या हेल्मेटवर ठक् करून बसला.

सगळे थबकले. दीपमालानं हेल्मेट सरळ केलं.

"आबा," ती म्हणाली, "आधी तिकीट तरी काढू द्या."

आबा एवढे लाजले की त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतली. मग योगेंद्र यांनी शिकवलं, पाय पुढून दांडीवरून कसा टाकायचा ते. दुसऱ्या खेपेला सायकल हलली, डुलली आणि निघाली. देवळापुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठीमागून कुणीतरी विचारलं, "असोदा-भादली विनाथांबा का हो?"

गावाबाहेर रस्ता सरळ आहे. दोन्हीकडे केळीच्या बागा, मधूनमधून वेचून रिकामी झालेली कपाशी. मी स्कूटी हळू चालवत मागोमाग होते, त्यामुळे सगळं मला नीट दिसत होतं. आणि जे दिसत होतं ते काही बरं नव्हतं.

निंबाआबा चालवत होते सुरेख. खड्डा चुकवणं, मोटारसायकलला वाट देणं, सगळं लोण्यासारखं. पण ते एक शब्द बोलत नव्हते. गतिरोधक आला की ते पाय थांबवत. मागं दीपमालाचे पाय चालू असत, ते एकदम अडकत आणि पायडलवरून निसटत. आबा पुन्हा पाय मारू लागत, तेव्हा तिचे पाय हवेत पायडल शोधत असत, आणि फिरणारं पायडल तिच्या नडगीवर बसे. गतिरोधकावर आबा स्वतः सीटवरून अलगद उठत. तिला उठायचं कळत नसे. ती धाडकन आपटे. समोरून ट्रॅक्टर आला की ते बाजूला घेत आणि ती विरुद्ध बाजूला झुके.

"आबा, काय आलं?" ती विचारी.

आबा मागं न बघता मान हलवत. मान हलवलेली तिला कशी दिसणार, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

"बोलत काहून नाहीत हे?" लताबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "घरी भांडण करून आले का?"

भादलीच्या अलीकडे कालव्याच्या पाटचारीजवळ एक वळण आहे. तिथं व्हायचं ते झालं. आबा वळणाकडे झुकले, दीपमाला घाबरून ताठ बसली, आणि एवढी लांब सायकल रस्ता सोडून सावकाश, अगदी विचार करत असल्यासारखी, बागेच्या बांधाकडे गेली आणि आडवी झाली. बांधावर केळीचे कापलेले खांब आणि पानांचा ढीग होता, म्हणून दोघं मऊ जागी पडले. आबांच्या मफलरीत केळीचं वाळलेलं पान अडकलं. दीपमालाचं कोपर खरचटलं. लताबाई स्कूटी थांबायच्या आतच उतरल्या आणि हळदीची पुडी सोडू लागल्या.

योगेंद्र सायकल टाकून धावत आले. दीपमाला उठून उभी राहिल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे गावातल्या रस्त्यावर झालं. एरंडोल-पारोळ्याच्या हायवेवर ट्रकच्या पुढ्यात झालं तर? हट्ट नको. जीप वाईट नाही."

दीपमाला काही बोलली नाही. आईनं कोपराला हळद चोपडली, ती तिनं चोपडू दिली. तिचा चेहरा मी तिच्या लहानपणापासून बघत आले आहे. राग आला की ती बोलते. ती गप्प असली म्हणजे तिला खरोखर भीती वाटलेली असते. त्या क्षणी तिला पडण्याची भीती नव्हती. तिला समोर खुर्ची दिसत होती, हारासकट.

"भादलीपर्यंत चालत जाऊ," शेवटी ती म्हणाली. "चहा पिऊ. मग बघू."

भादलीच्या स्टँडवर छगनचं छोटं हॉटेल आहे. बाकावर सगळे बसलो. चहा आला. निंबाआबांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. त्यांच्या अंगावर अजून केळीचं पान होतं आणि ते काढावं असं त्यांना वाटत नव्हतं.

"आबा," दीपमाला म्हणाली, "माझं काही चुकतंय का?"

"नही, पोरी."

"मग तुम्ही बोलत का नाही? खड्डा आला, थांबतोय, वळतोय, एवढंच सांगायचं."

आबांनी कप बाकावर ठेवला. "मी गाडीवर बोलस नही," ते म्हणाले. "तोंडच उघडत नही. हातमा हँडल उनं का तोंड बंद."

लताबाई म्हणाल्या, "असं कुठी असतं का भाऊ?"

पण असतं. चालकाच्या डोक्यावर पाटी असते, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. प्रवाशांसाठी ती नुसती पाटी. आबांनी ती उलट बाजूनंही पाळली होती. उभ्या आयुष्यात गाडी चालवताना त्यांनी मागं वळून कुणाला उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यांच्या गाडीत कुणाला दांडी धरावी लागत नव्हती ती याचमुळे. दीपमालानं ज्या गुणावर भाळून त्यांना निवडलं, तोच गुण आज तिला केळीच्या ढिगाऱ्यात घेऊन गेला होता.

"आता इथे बसल्या बसल्या बोलून बघा," योगेंद्र मदतीला आले. "समजा खड्डा आला. काय म्हणाल?"

"खड्डा," आबा म्हणाले.

"छान. आता कप म्हणजे हँडल समजा. दोन्ही हातांनी धरा. आला खड्डा."

आबांनी कप दोन्ही हातांनी धरला, समोर रस्त्याकडे नजर लावली, आणि ओठ घट्ट मिटले. छगन किटली घेऊन उभा होता, तो म्हणाला, "गेला खड्डा." सगळे हसलो. आबाही हसले, पण कप खाली ठेवल्यावर.

दीपमाला हसता हसता थांबली. "आबा, बसमध्ये तुम्ही कुणाचंच ऐकत नाही?"

"कंडक्टरनं ऐकस."

"तो तुमच्याशी बोलतो?"

"बोलत नही. बेल देस."

"एक दिली की?"

"थांबस."

"डबल बेल दिली की?"

"निघस." आणि मग त्यांनी आपणहून एक वाक्य जोडलं, मला वाटतं त्या सकाळचं त्यांचं सर्वांत लांब. "डबल बेल नही तवलोंग गाडी हालत नही, मंग मांगे कलेक्टर बसेल राहो."

दीपमालानं बाकावर हात आपटला. चहा सांडला. "योगेंद्रभाऊ, तुमच्या सायकलची घंटी काढा."

"माझी?"

"आमच्या सायकलला पुढे एकच आहे. मला मागे हवी."

योगेंद्र यांची घंटी परदेशी होती, बोराएवढी, पितळेची. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, दीपमालाकडे एकदा पाहिलं. छगननं गल्ल्यातून पेचकस काढून दिला. ज्या माणसानं अर्ध्या तासापूर्वी जीप सुचवली होती, तोच आता गुडघ्यावर बसून मागच्या हँडलला आपली घंटी आवळत होता. चांगल्या माणसांचं हे असं असतं. त्यांच्या हाताला काम दिलं की शंका मागं पडतात.

नियम सोपा ठरला. दीपमालाचे पाय पायडलवर नीट बसल्याशिवाय ती डबल बेल देणार नाही, आणि तिची डबल बेल ऐकल्याशिवाय आबा हलणार नाहीत. तिनं एक दिली की थांबायचं. पुढून आबांनीही तीच भाषा वापरायची. एक बेल म्हणजे पाय थांबव, सीटवरून थोडी ऊठ. डबल म्हणजे मार पाय.

"बोलाले नको?" आबांनी खात्री करून घेतली.

"नको."

आबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. त्यांनी मफलरीतलं पान काढलं आणि चहा एका घोटात संपवला.

परतीला दीपमाला बसली, पाय लावले, पाठ सरळ केली. टिंग टिंग. सायकल निघाली, आणि या वेळी डुललीही नाही. स्टँडवरच्या गतिरोधकाआधी पुढून एक बेल झाली. तिचे पाय थांबले, ती सीटवरून उठली, दोन्ही चाकं अलगद पार झाली. पुढून डबल. चारही पाय एकदम फिरले. स्कूटीवर माझ्यामागं लताबाई पुटपुटत होत्या, "थांब... हं. चाल... हं." बेलबरोबर त्यांचेही पाय माझ्या स्कूटीवर हलत होते.

मग बकऱ्या आल्या.

रस्ताभर कळप. आबांचा अंगठा सवयीनं घंटीवर गेला आणि त्यांनी ती बकऱ्यांसाठी जोरजोरात वाजवली. मागं दीपमालाची तारांबळ उडाली. थांबावं, निघावं, उठावं, बसावं, पुन्हा थांबावं? तिनं एका दमात चारही केलं. सायकल घोड्यासारखी उसळली. तिनं मागून एक बेल दिली. आबा जागच्या जागी थांबले.

"आबा, ही घंटी फक्त आपल्या दोघांची," ती हसत म्हणाली. "बकऱ्यांना ती कळत नाही आणि मला फार कळते. बकऱ्यांना तोंडानं सांगा."

आबा पेचात पडले. बकऱ्या काही हलेनात. मागून टिंग टिंग झाली, म्हणजे निघणं भाग. त्यांनी घसा खाकरला, आणि गाडी चालती असताना, हातात हँडल असताना, त्यांच्या तोंडून आवाज फुटला. "हैक... हैक... बाजूले व्हय वं माय."

बकऱ्या बाजूला झाल्या. बकऱ्यांपेक्षा आबाच जास्त चकित झाले असावेत. पुढं एक सायकलवाला आला. "बाजूले रे भो." मग कापूस भरलेली बैलगाडी. "जरा डावं ली ले, दादा." प्रत्येक वेळी आवाज थोडा मोकळा होत गेला. घंटी दीपमालासाठी राखून ठेवायची म्हणजे बाकी साऱ्या जगाशी बोलणं आलं, आणि एकदा जगाशी बोलायला लागल्यावर मागच्या माणसाला वगळायचं तरी कसं? बैलगाडी मागं पडल्यावर आबा, कुणी काही विचारलं नसताना, म्हणाले, "आते रस्ता साफ शे."

"काय म्हणालात?" दीपमालानं विचारलं. तिला ऐकू आलं होतं. तिला पुन्हा ऐकायचं होतं.

"बठ्ठा रस्ता साफ शे, पोरी. डावीकडे केळी शे. उजवीकडे कोनी तरी वांगा भाजी ऱ्हायनं."

"ते मला कळलं. माझ्या नाकाला दिसतं."

पाटचारीचं वळण आलं तेव्हा माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. लताबाईंनी माझा खांदा धरला. पुढून एक बेल झाली आणि तिच्या पाठोपाठ आबांचा आवाज, "उजव्या हाते वळण शे. मनासंगे कल." दीपमाला कलली. दोघांचे खांदे एका रेषेत वाकले, एका रेषेत सरळ झाले. केळीचा ढीग डावीकडे राहिला. लताबाईंनी माझा खांदा सोडला. तो दुखत होता.

एक गोष्ट राहिली होती आणि ती दीपमालानंच पकडली. वळणानंतर पुलाकडे चढ लागतो. चढावर ती म्हणाली, "आबा, तुम्ही एकटेच ओढताय."

"नही तर."

"खोटं नका बोलू. पायडल माझ्या पायाखालून पुढे पळतंय. मी जोर लावायच्या आत ते गेलेलं असतं."

"म्हटलं, तुले तरास नको."

"मला त्रास द्या," ती म्हणाली. "मी त्यासाठीच आलेय. तुम्ही आता नुसते पाय ठेवा आणि रस्ता सांगा."

आबांनी पाय सैल सोडले असावेत, कारण सायकल क्षणभर मंदावली. मग दीपमाला वाकली. ती धावायची तेव्हाही शेवटच्या टप्प्यात अशीच वाकायची, मान थोडी खाली, कोपरं अंगाला. सायकल सरसर चढू लागली. योगेंद्र शेजारून चालले होते. ते पहिल्यांदा शेजारी होते, मग अर्धी सायकल मागं, मग माझ्या स्कूटीच्या बरोबरीला आले. त्यांना धाप लागली होती.

"मॅडम," ते मला म्हणाले, "ताई रोज काय खातात?"

"कळण्याची भाकरी," मागून लताबाईंनी उत्तर दिलं. "आन् हिरव्या मिरचीचा ठेचा."

चढ संपला तेव्हा आबा पुढून मोठ्यानं सांगत होते, पुलाखाली पाणी किती आहे, त्यात कोण म्हशी धूत आहे, आणि त्या माणसानं आपल्याकडे बघून हात केला आहे. "तुले करी ऱ्हायना," ते म्हणाले. दीपमालानं हँडलवरचा एक हात सोडला आणि बरोबर त्या बाजूला हलवला.

देवळापुढं म्हातारे तसेच बसून होते. एक बेल झाली, सायकल थांबली, आबांनी आठवणीनं पाय पुढून काढला. दीपमाला उतरली. घामानं तिचा सदरा भिजला होता, कोपरावरची हळद ओघळून मनगटापर्यंत आली होती. तिनं योगेंद्र यांच्या दिशेनं तोंड केलं. नुसती उभी राहिली. तिचा एक हात अजून सीटवर होता.

योगेंद्र यांनी श्वास सावरला. "माझी घंटी," ते म्हणाले, "फेरीच्या दिवसापर्यंत तुमच्याकडेच राहू दे. एवढ्या लवकर तुमच्या सायकलला तशी दुसरी मिळायची नाही."

दीपमालानं सीटवरचा हात काढला. लताबाईंना अर्थ लगेच लागला नाही, मी सांगितला. मग त्यांनी डबा उघडून सगळ्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, म्हाताऱ्यांच्यासुद्धा, आणि योगेंद्र यांना दोनदा.

"पण ताई, जीप तर ठरली आहे," योगेंद्र म्हणाले. "तिच्यात कोण बसणार?"

"मी बसते," लताबाई म्हणाल्या. "या मॅडम आन् मी. हात हलवाले आमच्याकडं चार हाये."

निंबाआबांना फेरीच्या शनिवारी-रविवारी कामावरची पाळी बदलून घ्यावी लागणार होती. ते त्याच चिंतेत घरी निघाले आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून पुलाखालच्या म्हशींची हकीकत सांगत गेले. त्यांची बायको दुपारी आमच्याकडे येऊन विचारून गेली, आज ह्यांना झालंय तरी काय.

दीपमालानं मात्र घरात शिरायच्या आधी, ओट्यावर बसूनच, धुळ्याला फोन लावला. वसतिगृहाच्या सुनंदाबाई अजून तिथंच आहेत. हिचे केस विंचरून वेण्या घालायच्या त्या. मला इकडचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हो बाई, नक्की. जीपनं नाही, सायकलनं... मागच्या सीटवर. पण पाय माझेच... छे, पडले नाही." इथं तिनं कोपर आईच्या बाजूनं लपवलं. "एकच ऐका. हार नको आणि खुर्ची मांडू नका. मी घामेजलेली येईन. मोरीत बादलीभर गरम पाणी ठेवायला सांगा. आणि मुलींना म्हणावं, माझ्याबरोबर धावायचं असेल तर संध्याकाळी बूट घालून तयार राहा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दीपमाला जरा ऐकत राहिली.

"आरती?" ती म्हणाली. "आरती तुम्हीच म्हणा बाई."